गच्चीची किल्ली आणि शुक्र-गुरू

१ मार्च २०२३ च्या संध्याकाळी शुक्र आणि गुरू पश्चिमेला खेटून दिसणार होते. दोघांचीही काही हरकत नव्हती. अडलं होतं ते आमच्या सोसायटीच्या गच्चीच्या किल्लीपाशी.

कोथरूडला बाल्कनीतून आकाश बघायचे दिवस गेले. आमच्या पश्चिमेला होता तो बंगला पाडून अकरा मजले चढलेत, वर क्रेन. म्हणून गच्ची. आणि किल्ली सेक्रेटरीकाकांच्या देवघरातल्या खिळ्याला.

"काय काम?"

"ग्रह बघायचेत."

"कुणाचे?"

पत्रिकेचा विषय नाही हे पटवण्यात सूर्य मावळला. मग नोंदवही. 'कारण' या रकान्यात माझ्या वर ओळीने टाकी, पापड, टाकी, पापड. मी 'शुक्र-गुरू युती' लिहिलं. काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"साडेआठला किल्ली परत."

"त्यानंतरही दिसतात हो ते."

"दिसू देत. ते त्यांचं बघतील."

मी वर पोचेपर्यंत निम्मी बिल्डिंग मागोमाग आली. पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी क्रेनचा लाल दिवा भक्तिभावाने पाहिला. तिथून माना वळवताना माझा पाय साडीवर वाळत घातलेल्या पापडांत पडला. (उडदाचे होते. आवाजावरून कळलं.)

ग्रह मात्र झकास! हात लांब करून करंगळी धरली की दोघेही तिच्यामागे गडप. जास्त झळाळणारा तो शुक्र.

"एक दैत्यांचा गुरू, एक देवांचा," तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले, "आणि बसलेत बघा कसे मांडीला मांडी लावून. आपली कमिटी बघा."

मला राहवलं नाही. म्हटलं, ते जवळ नाहीतच. शुक्र आपल्यापासून साधारण २० कोटी किलोमीटरवर, गुरू ८६ कोटींवर. एका रेषेत आले म्हणून तसं वाटतं.

"म्हणजे नुसतं दिसायला जवळ," पापडवाल्या काकू म्हणाल्या. "आमच्या धाकट्या जाऊबाईंसारखं." खगोलशास्त्र इतक्या लवकर समजलेलं मी पाहिलं नव्हतं. पापडांचं त्या काहीच बोलल्या नाहीत, तेव्हाच मला धडकी भरली.

बरोबर साडेआठला खालून काकांची हाक आली.

दुसऱ्या दिवशी किल्ली मागायला गेलो. माझ्या नोंदीखाली तीन नव्या ओळी होत्या: 'ग्रह', 'ग्रह', 'पापड (नुकसान पाहणी) व ग्रह'. किल्ली खिळ्याला नव्हती. काका स्वतःच वर गेले होते.