पुढच्या मालकाची मिशी

गेली 22 वर्षं मी अकरावीच्या मुलांना घसारा, म्हणजे वस्तूच्या किमतीत दरसाल होणारी घट, शिकवतो. पुस्तपालन व लेखाकर्म या विषयातलं हे प्रकरण मुलांना अजिबात आवडत नाही, मला मात्र फार आवडतं. 1 एप्रिलला एक यंत्र विकत घ्यायचं, दरसाल दहा टक्के कापत न्यायचं, तीन वर्षांनी 31 मार्चला फुंकून टाकायचं, होईल तो तोटा नफातोटा खात्याच्या गळ्यात बांधायचा आणि डबा उघडायचा. अशी शेकडो यंत्रं मी फळ्यावर विकली असतील. एकदाही आवंढा गिळावा लागला नाही. घसारा या शब्दात 'घसा' आहे आणि तो कोरडा पडतो, हे मला 2025 च्या ऑगस्टात कळलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी गाडी बुक केली. साधी नव्हे. दीड लिटर टर्बो पेट्रोल, 150 अश्वशक्ती, चाकांच्या आरपार दिसणारे लाल ब्रेक कॅलिपर आणि मागे जोरात पळणाऱ्या गाडीची खूण म्हणून दोन अक्षरं, जी आणि टी. आमच्या स्टाफरूममध्ये गाडी म्हणजे म्हैस. पहिला प्रश्न एकच, "देते किती?" त्या मंडळींना मी 'अश्वशक्ती' हा शब्द ऐकवला तेव्हा भूगोलाच्या सरांनी विचारलं, "म्हणजे चंदी किती खाते?"

खरं तर चूक आनेवाडी टोलनाक्याच्या रस्त्याची. चाचणीसाठी गाडी साताऱ्याहून तिकडे नेली, मोकळा रस्ता दिसला, शोरूमचा पोरगा म्हणाला, "सर, दाबा." मी दाबलं. माझी पाठ सीटला चिकटली. 52 व्या वर्षी माझी पाठ फक्त कमरेच्या पट्ट्याला चिकटते. परत येईपर्यंत मी तोंडातून आवाज काढत होतो, असं तो पोरगा नंतर म्हणाला. त्याच बेहोशीत 25 हजार भरून मी लाल रंगावर सही केली.

रात्री जेवण झाल्यावर वही काढली. सवय वाईट. शोरूमची किंमत 19 लाख. त्यावर महाराष्ट्राचा एकरकमी रस्ता कर, 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के, म्हणजे 2 लाख 28 हजार. हे पैसे गाडीला घेऊन परिवहन कार्यालयात जातात, गाडी परत येते, ते येत नाहीत. मग विमा. विम्याच्या कागदावर गाडीची किंमत 18 लाख 5 हजार लिहिलेली! मी फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, नव्या गाडीला पहिल्या सहा महिन्यांसाठी 5 टक्के घसारा धरतात." गाडी अजून कारखान्यातून निघालीसुद्धा नसेल. घोडी न बघताच 95 हजारांनी म्हातारी झाली.

पुढचा तक्ता तिनेच पाठवला. वर्षापर्यंत 15 टक्के, दोन वर्षांपर्यंत 20, मग 30, मग 40, पाचव्या वर्षी 50. शिवाय अपघाताच्या दाव्यात रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरी यांना सरसकट 50 टक्के घसारा. काचेला मात्र शून्य. म्हणजे पाच वर्षांनी माझ्याकडे अर्धी गाडी आणि पूर्ण काचा उरणार. तिने मग 'झीरो डेप' नावाची जास्तीची पॉलिसी सुचवली. घसारा शून्य! मी उडालोच. 22 वर्षं हा विषय शिकवतोय, हे कोणत्या पानावर होतं? पाच मिनिटांनी कळलं, ते फक्त ठोकलेल्या भागांच्या भरपाईपुरतं. घसाऱ्यापासून वाचायचं तर आधी गाडी ठोकायला हवी.

पाच वर्षांत साडेनऊ लाख. भागिले 1826 दिवस. रोजचे 520 रुपये. गाडी चालवा किंवा न चालवा. मी झोपलो तर आठ तासांच्या झोपेचे 173 रुपये. त्या रात्री मी झोपलोच नाही, पण त्याने बचत काही झाली नाही.

सकाळी बायकोला आकडा सांगितला. ती शांतपणे म्हणाली, "अहो, सोनं लाखावर गेलंय तोळ्याला. तेवढ्याचं घेतलं असतं तर?" मी म्हटलं, "सोन्यावर बसून कासला जाता येतं का?" "गाडी गळ्यात घालून लग्नाला जाता येतं का?" हा वाद मी तिथेच सोडला. जिंकण्यासारखा नव्हता.

आबांचं आणखीनच वेगळं. त्यांचं वय 81. त्यांच्या मते वाहन वापरलं की त्याची किंमत वाढते. यात त्यांचा दोष नाही. त्यांनी बजाज चेतकसाठी नंबर लावला तेव्हा मी जन्मलो नव्हतो आणि स्कूटर घरी आली तेव्हा मी पुढे उभा राहून हॉर्न वाजवत होतो. चार वर्षं चालवून त्यांनी ती विकली, ती घेतल्या किमतीपेक्षा जास्त पैशांना. त्याला तेव्हा 'ऑन' म्हणत. परवान्यांच्या त्या काळात गाडीपेक्षा नंबर मोठा होता. मी त्यांना वहीतला, गाडीच्या उतरत्या किमतीचा तक्ता दाखवला. चष्मा लावून त्यांनी तो खालून वर वाचला आणि म्हणाले, "छान वाढतीय की."

शेवटी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो. हायवेलगत त्याचा जुन्या गाड्यांचा व्यवसाय आहे. चाचणी परीक्षेत मी घसाऱ्याचं गणित घातलं तर या पठ्ठ्याने तीन वर्षांनी यंत्राची किंमत वाढवून दाखवली होती. मी भोपळा दिला होता. तो गल्ल्यावरून उठून पाया पडला, चहा मागवला आणि म्हणाला, "सर, लाल कशाला घेताय? लालला गिऱ्हाईक नाही बघा."

"पण मला आवडतो."

"तुम्हाला आवडून काय उपयोग? विकताना घेणाऱ्याला आवडला पाहिजे. पांढरी घ्या. आणि ते जीटीबिटी कशाला? जुनी जीटी म्हटली की माणूस म्हणतो, कुणीतरी पिदडलेली दिसतीय."

"मी कशाला पिदडेन? मी शिक्षक आहे."

"हे बेस झालं," तो म्हणाला. "जाहिरातीत टाकू. एकहाती, शिक्षक मालक. डॉक्टरनंतर शिक्षकच चालतो."

त्या दिवशी तो माझ्याबरोबर घरी आला. विद्यार्थी नव्हे, पुढचा मालक. 2030 साली माझी गाडी विकत घेणारा माणूस. का कोण जाणे, तो फलटणचा आहे, असं माझ्या मनाने ठरवून टाकलं. पन्नाशीचा, भरघोस मिशी, पायात करकरणारी चप्पल, सोबत एक मेकॅनिक, तो दारांवर टिचक्या मारून आवाज ऐकतोय. मुलगी बघायला आल्यासारखे दोघं माझ्या सोफ्यावर बसलेले. पोहे खात विचारतायत, "दार कधी उघडून बसवलंय का? खरं सांगा. नंतर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं."

तेव्हापासून गाडीचा प्रत्येक निर्णय मी त्यांना विचारूनच घेऊ लागलो. सनरूफ? मिशी हलली, "पावसाळ्यात गळतंय." मोठी चाकं? "टायर कोण भरणार?" घाटात जोरात न्यावी का? त्यांनी नुसतं मेकॅनिककडे पाहिलं. लाल रंग मी 12 ऑगस्टला बदलला आणि पांढरा केला. शोरूमचा पोरगा फोनवर बराच वेळ गप्प होता. माझे ते आनेवाडीचे आवाज ऐकलेला माणूस तो. त्याला वाईट वाटणारच.

बायकोला कळल्यावर ती म्हणाली, "एवढे पैसे घालून रुग्णवाहिका आणताय?"

15 ऑगस्टला झेंडावंदन करून आलो, टीव्ही लावला तर लाल किल्ल्यावरून पंतप्रधान सांगत होते की दिवाळीपर्यंत जीएसटीत मोठे बदल येणार. देशाला आनंद झाला असेल. माझं पोट ढवळलं. गाडी 27 ऑगस्टला, गणेश चतुर्थीच्या मुहूर्तावर मिळणार होती. म्हणजे मी 27 ला पेढे वाटणार आणि दोन महिन्यांनी तीच गाडी शेजाऱ्याला स्वस्तात मिळणार. घसाऱ्याच्या दोन पद्धती मी शिकवतो, सरळ रेषेची आणि घटत्या शिलकेची. भाषणाने कोसळणाऱ्या शिलकेची पद्धत अभ्यासक्रमात नाही.

मी शोरूमला सांगितलं, थांबा. पोरगा म्हणाला, "सर, गणपतीचा मुहूर्त आहे." मी म्हटलं, "गणपती बुद्धीची देवता आहे." 3 सप्टेंबरला जीएसटी परिषद बसली. आमच्यासारख्या चार मीटरपेक्षा लांब, दीड लिटरच्या गाडीवर आधी 28 टक्के कर आणि वर 17 टक्के उपकर, असा 45 टक्क्यांचा बोजा होता. तो सरळ 40 झाला, लागू 22 सप्टेंबरपासून. 19 लाखांची गाडी 18 लाख 34 हजार 483 रुपयांवर आली. 65 हजार 517 वाचले! रोजचा घसारा 520 वरून 502 झाला. दिवसाचा एक चहा सुटला. स्टाफरूममध्ये मी दोन दिवस अर्थमंत्र्यासारखा वावरलो.

तिसऱ्या दिवशी जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. माझी अकरा वर्षांची छोटी गाडी तो 1 लाख 60 हजारांना घेणार होता. "सर, 1 लाख 40 होतील बघा. छोट्या गाडीवरचा कर 29 चा 18 झाला. नवीच स्वस्त झाली तर जुनी कोण घेणार?" मी म्हटलं, "अरे, शब्द दिला होतास." तो म्हणाला, "सर, तुम्हीच शिकवलंय, खरेदी किंमत किंवा बाजारमूल्य, यात जे कमी असेल ते." हे त्याला नेमकं कधी समजलं? परीक्षेत तर हेही चुकवलं होतं.

अंमलबजावणी 22 ला का, यावर दिल्लीत काय चर्चा झाली मला माहीत नाही, पण आमच्याकडे ती तारीख अगदी फिट बसली. 8 ते 21 सप्टेंबर पितृपंधरवडा. कर तसाच असता तरी त्या दिवसांत कुणी गाडी आणली नसती. 22 ला घटस्थापना. शोरूमात त्या दिवशी लग्नाच्या कार्यालयासारखी गर्दी होती. पाच गाड्यांवर एकाच वेळी हार चढत होते आणि एकच भटजी या बॉनेटवरून त्या बॉनेटवर उड्या मारत होते. आईने कुंकवात बोट बुडवून स्वस्तिक काढायला घेतलं. "आई, तेल नको, डाग राहतो," मी ओरडलो. ती म्हणाली, "राहू दे की. आपलीच गाडी आहे." फलटणच्या मिशीकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

आता गाडी दारात आहे. सीटवरचं प्लॅस्टिक मी काढलेलं नाही. उन्हात ते पाठीला चिकटतं. म्हणजे पाठ चिकटायची ती चिकटतेच, कारण फक्त बदललं. गतिरोधक आला की मी गाडी तिरपी करून, एकेक चाक, म्हैस नाल्यातून उतरवावी तशी उतरवतो. मागचे रिक्षावाले काय बोलतात ते इथे लिहिता येणार नाही. खंबाटकी घाटात एक टेम्पो मला ओव्हरटेक करून गेला. त्यावर कोबी होता.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. साताऱ्यात पोवई नाक्यावर बायकोची वाट बघत थांबलो होतो. एका माणसाने काचेवर टकटक केलं. वाटलं, गाडीबद्दल विचारणार. कॅलिपरकडे बघून लोक थांबतात असं ऐकलं होतं. मी काच खाली केली, चेहऱ्यावर थोडी नम्रता आणली. त्याने आत डोकावून रिकाम्या सीटा मोजल्या आणि म्हणाला, "स्वारगेट?"

प्राचार्यांनी तर चारचौघांत विचारलं, "सर, ट्रॅव्हल्सला लावली का? चांगलंय. जोडधंदा हवाच."

आबा रोज संध्याकाळी काठी टेकत गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतात. दसऱ्याला आपट्याची पानं देताना हळूच म्हणाले, "थांब जरा. एवढ्यात विकू नको. ऑन वाढू दे."

दसरा झाला आणि दोन दिवसांनी जुन्या विद्यार्थ्याचा फोन.

"सर, गाडी आली का तुमची? जीटी?"

"आली."

"एक गिऱ्हाईक बसलंय माझ्यासमोर. थोडी चाललेली पाहिजे म्हणतंय, लगेच. पैशाला मागं नाही. शोरूमला थांबायची तयारी नाही त्यांची."

माझ्या छातीत धडधडलं. "कुठलं गिऱ्हाईक?"

"फलटणचं."

मी खुर्चीत बसलो. "मिशी आहे?"

"आहे की. तुम्ही ओळखता का काय?" मग त्याने फोनवर हात ठेवला, पलीकडे काहीतरी कुजबुज झाली. "पण सर, त्यांना लालच पाहिजे. पांढरी म्हटलं तर म्हणतात, ती काय, भाड्याच्या गाडीसारखी दिसती."