प्रत्येक ओढ्याखाली एचडीडी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ओढे-नाले ओलांडणाऱ्या गॅस पाइपलाइनवरच्या लेखाखाली आपली सविस्तर प्रतिक्रिया आली. आपले चार आक्षेप थोडक्यात असे: ओढा खोदून पाइप टाकणे ही स्वस्तातली पळवाट आहे, म्हणून प्रत्येक ओढ्याखालून आडवे ड्रिलिंग, म्हणजे एचडीडी (ओढा न खोदता खालून आडवे भोक पाडून त्यातून पाइप ओढून घेणे), सक्तीचे करावे. कोरड्या नाल्यात खोदले तर पाण्याला धक्का लागत नाही, हा दावा फसवा आहे. अमेरिकेत राज्ये अशा कामांना परवानगी नाकारतात, आपल्याकडे कोणी विचारत नाही. आणि कागदावर काहीही लिहिले तरी साइटवर ते कोणी पाळत नाही.

दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, पहिला अजिबात नाही. पहिल्यावरच जास्त लिहितो, कारण सक्तीची मागणी गावोगावच्या हरकतींत आली तर पाण्याचे नुकसान वाढेल अशी मला खरोखर भीती वाटते.

24 इंची पोलादी पाइप घ्या. ड्रिलिंगच्या वाटेत तो वाकवायचा तर वळणाची त्रिज्या व्यासाच्या साधारण 1200 पट ठेवतात, म्हणजे जवळपास 730 मीटर. एका बाजूने 10 अंशांत जमिनीत शिरायचे आणि दुसऱ्या बाजूला 8 अंशांत वर यायचे, तर नुसती ही दोन वळणे घ्यायलाच 230 मीटर लागतात. ओढा मात्र 4 मीटर रुंद! भोक पाइपच्या दीडपट, सुमारे 900 मिलिमीटर करावे लागते. 230 मीटरला ते जवळपास 150 घनमीटर भरते, आणि बेंटोनाइटचा, म्हणजे भोक टिकवून आतली माती बाहेर आणणाऱ्या बारीक चिकणमातीचा, चिखल त्याच्या कित्येक पट फिरवावा लागतो. शिवाय रिग (ड्रिलिंगचे यंत्र), चिखलाच्या टाक्या आणि जोडून ठेवलेली पाइपची लांबलचक लड यांना दोन्ही काठांवर मोकळी जागा हवी. काठावरची झाडे वाचवायला म्हणून एचडीडी मागायचे आणि रिगच्या जागेसाठी तीच झाडे द्यायची, असे अनेक छोट्या ओढ्यांवर होते.

खरा धोका चिखलाच्या दाबाचा. भोकातला दाब वरच्या जमिनीला पेलवला नाही की चिखल फटीतून वर येतो. हे बहुधा शिरण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या टोकाजवळ होते, कारण तिथे वर माती कमी असते. सह्याद्रीच्या आणि दख्खनच्या बसाल्टमध्ये उभ्या भेगा आहेत, दोन लाव्हाथरांमध्ये तांबडा मऊ पट्टा सापडतो. चिखलाला ती तयार वाट असते. परत येणारा चिखल अचानक कमी झाला किंवा दाब एकदम उतरला, तर तो कुठेतरी निघाला आहे हे समजून पंप त्या क्षणी थांबवायचा असतो. ‘अजून एक रॉड ढकलू’ म्हटले की तो ओढ्याच्या तळातून वर येणार.

अमेरिकेतल्या ओहायोत 13 एप्रिल 2017 रोजी रोव्हर गॅस पाइपलाइनच्या एचडीडीत टस्करावस नदीजवळच्या पाणथळ जमिनीत सुमारे 20 लाख गॅलन, म्हणजे 75 लाख लिटर चिखल सांडला. नंतरच्या नमुन्यांत त्यात डिझेलही सापडले आणि मे महिन्यात त्यांच्या केंद्रीय ऊर्जा नियामकाने त्या प्रकल्पाचे नवे एचडीडी थांबवले. तेव्हा एचडीडी म्हणजे आपोआप स्वच्छ पाणी, असे धरून चालू नका. बारमाही नदी, रुंद पात्र, खालच्या अंगाला गावाची जॅकवेल, आणि बोअर घेऊन खात्री केलेला अखंड खडक किंवा घट्ट माती असेल, तर मात्र एचडीडीच हवे. तिथे मी आपल्या बाजूने भांडेन.

आता खोदाई. वाहत्या पाण्यात पोकलेन उतरवून चर काढणे हा गुन्हाच समजावा. छोट्या ओढ्यावर योग्य रीत अशी: वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला वाळूची पोती व जाड प्लास्टिक लावून बांध घालायचा, वरचे स्वच्छ पाणी पंपाने वळसा घालून खाली सोडायचे आणि मधल्या कोरड्या पट्ट्यात चर काढायचा.

त्यासाठी आधी प्रवाह मोजावा लागतो, आणि नेमके हेच कोणी करत नाही. पात्र 2 मीटर रुंद, पाणी सरासरी 15 सेंटिमीटर खोल, तरंगते लाकूड 10 मीटर जायला 40 सेकंद घेते: 2 × 0.15 × 0.25 × 0.85 (वरचे पाणी सरासरीपेक्षा वेगाने वाहते, म्हणून 0.85), म्हणजे सेकंदाला साधारण 64 लिटर. पंपाची क्षमता दीडपट, सुमारे 96 लिटर हवी. सहा इंची डिझेल पंप कमी उंचीवर सेकंदाला चाळीस-पन्नास लिटर उचलतो, म्हणजे दोन चालू आणि तिसरा जोडून, डिझेल भरून उभा. तिसरा पंप गोदामात असेल तर तो नसल्यासारखाच. रात्री दोन वाजता एक पंप बंद पडला की वरचा बांध भरून फुटतो आणि उघड्या चराची सगळी माती एका लोंढ्यात खाली जाते. चोखणीला जाळी हवी, पंपाखाली तेल झेलणारा ट्रे हवा, आणि सोडलेले पाणी दगडांवर पडले पाहिजे, नाहीतर तेच पाणी खालचा तळ उकरते.

अमेरिकी नियामकाच्या कार्यपद्धतीत 10 फुटांपर्यंतच्या ओढ्यातले काम 24 तासांत आणि 100 फुटांपर्यंतचे 48 तासांत संपवायची अट आहे. उकरलेली माती पाण्यापासून किमान 3 मीटर, जादा कामाची जागा 15 मीटर आणि इंधन 30 मीटर लांब. आपल्याकडेही निविदेत हे आकडे उतरवायला कोणाची हरकत नसावी.

24 तासांचे गणित दोन ठिकाणी कोसळते. पहिले ठिकाण खडक. मुरूम समजून खोदायला घेतले आणि 60 सेंटिमीटरवर काळा पाषाण लागला, की रॉक ब्रेकरला दोन-तीन दिवस जातात आणि पंप तितके दिवस चालवावे लागतात. म्हणून ओढ्याला हात लावण्याआधी दोन्ही काठांवर चाचणीचे खड्डे घ्यायचे. दुसरे ठिकाण पाइप. चर तयार आणि वेल्डिंग बाकी, हे दृश्य फार वेळा दिसते. पाइपचा तुकडा वेल्ड करून, तपासून, काँक्रीटचे वजनदार आवरण चढवून काठावर तयार असल्याशिवाय पहिला बांध घालायचाच नाही. 24 इंची, साडेनऊ मिलिमीटर जाडीचा पाइप मीटरला 141 किलो भरतो आणि पाणी त्याला 292 किलोने वर ढकलते. 50 मिलिमीटर काँक्रीट लावले तरी तो जेमतेम तरंगतोच (390 किलो विरुद्ध 396). 75 मिलिमीटरला 528 विरुद्ध 454, मग तो बसतो. हे काँक्रीट दूर यार्डात पूर्ण पक्के झालेले हवे. ओल्या सिमेंटच्या पाण्याचा पीएच 12 च्या वर जातो आणि कमी पाण्याच्या ओढ्यात तेवढ्याने मासे मरतात.

आपण लिहिले आहे, ‘चरातले गढूळ पाणी निवळणीच्या खड्ड्यात सोडले की झाले.’ काळ्या मातीत हे होत नाही. 0.1 मिलिमीटरचा वाळूचा कण एक मीटर खाली बसायला दोन मिनिटे घेतो. 2 मायक्रॉनचा चिकणमातीचा कण तेवढ्याच अंतराला तीन दिवसांहून जास्त घेतो, आणि काळ्या मातीत त्याहून बारीक कण भरपूर. खड्डा सकाळी भरला तर संध्याकाळी तो तसाच गढूळ. हे पाणी फिल्टर बॅगमधून काढून, ओढ्याकडे उतार नसलेल्या गवताळ जमिनीवर पसरून जिरवावे लागते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात गढूळपणाची इष्ट मर्यादा 1 एनटीयू (गढूळपणा मोजायचे एकक) आणि पर्याय नसेल तर 5 एनटीयू आहे. ओढ्याच्या पात्रातल्या पाझर विहिरीवर चालणाऱ्या नळयोजनेत हा बारीक गाळ भोवतालच्या वाळूत अडकतो आणि विहिरीचा झरा मंदावतो. त्याची तक्रार काम संपल्यावर कित्येक महिन्यांनी येते, आणि तोवर ठेकेदार पुढच्या तालुक्यात असतो.

भराईबद्दल दोनच गोष्टी, पण दोन्ही अटळ. तळाचा वरचा 30 सेंटिमीटरचा गोटे-वाळूचा थर वेगळा काढून शेवटी तोच वर घालायचा. आणि दोन्ही काठांत, चराच्या आत, पाइपभोवती पोत्यांची किंवा चिकणमातीची आडवी भिंत घालायची. ती नसेल तर सैल भरलेला चर जमिनीखालचा पाट बनतो, ओढ्याचे पाणी पाइपच्या कडेने वाहून जाते आणि शेजारची विहीर उतरते.

कोरड्या नाल्याबद्दल आपण बरोबर आहात. कोरडा नाला हा फक्त पंपाचा खर्च वाचवतो. काठ उघडा राहिला तर मे महिन्यातला एक वळीव पुरेसा होतो. पहिल्या पावसात चढणीचे मासे याच ओढ्यांतून वर जातात, आणि नेमका तेव्हाच मोकळ्या मातीचा लोंढा आला तर त्या वर्षीची वीण बुडते. म्हणून नवी ओलांडणी 30 एप्रिलनंतर सुरू करू नये, आणि काठावर काथ्याची जाळी अंथरून वाळा-निरगुडीची लागवड लावण्याइतका वेळ हातात ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

अमेरिकेचे उदाहरण आपण दिले ते योग्यच. न्यूयॉर्क राज्याने एप्रिल 2016 मध्ये कॉन्स्टिट्यूशन गॅस पाइपलाइनला पाण्याच्या गुणवत्तेचे प्रमाणपत्र नाकारले. सुमारे 250 ओढ्यांचा प्रश्न होता. पण कारण वाचा: न खोदता जाण्याचे पर्याय आणि पाइप किती खोल पुरणार याची पुरेशी माहिती कंपनीने दिली नव्हती. राज्याने सगळीकडे एचडीडी मागितले नव्हते, प्रत्येक ओढ्याचा हिशेब मागितला होता. आपणही तोच मागावा.

‘साइटवर कोणी पाळत नाही’ याला उत्तर म्हणून ग्रामपंचायतीने काम सुरू होण्याआधी आपल्या हद्दीतल्या प्रत्येक ओलांडणीचे एक पान लेखी मागावे. त्यावर मोजलेला प्रवाह आणि मोजल्याची तारीख, चाचणी खड्ड्यात खडक किती खोल लागला, पंप किती व राखीव किती, गढूळ पाणी कोणत्या गटात जिरवणार, काम सुरू-संपण्याचे तास, आणि खालची पहिली विहीर किंवा जॅकवेल किती अंतरावर आहे, एवढे हवे. हायड्रोटेस्टचे, म्हणजे पाइपमध्ये दाबाने पाणी भरून घ्यायच्या चाचणीचे, पाणीही विचारा: याच पाइपच्या 10 किलोमीटर लांबीला सुमारे 27 लाख लिटर लागते, ते कुठून उचलणार, कुठे सोडणार आणि त्यात कोणते रसायन घालणार. कामाच्या दिवशी ओलांडणीच्या 50 मीटर वर आणि 100 मीटर खाली दर तासाला एक-एक बाटली भरून दोन्ही शेजारी ठेवा आणि वेळेसह फोटो काढा. गढूळपणा मोजायचे यंत्र मिळाले तर उत्तमच. खालची बाटली वरचीपेक्षा स्पष्ट गढूळ दिसली की खोदाई थांबवून आधी बांध तपासायचा, ही अटही त्याच पानावर लिहून साइट इंजिनिअरची सही घ्या.