इस्त्रीला चिकटलेला उमेदवार

खान्देशात टी-शर्ट विकत घ्यावा लागत नाही, तो मिळतो. गणपती मंडळ देतं, बियाण्याची कंपनी देते, मॅरेथॉनवाले पाच किलोमीटर पळवून देतात आणि निवडणुकीत तर न मागता दोन-दोन येतात. शेवटी कपाटाचं दार लागेनासं होतं आणि घरातलं कुणीतरी मोबाइल पुढे करून म्हणतं, "याची मस्त गोधडी होते!"

होते ना. फक्त लुगड्यांच्या गोधड्या शिवून हात बसलाय म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. लुगडं जागचं हलत नाही. टी-शर्टचं कापड होजिअरीचं, नुसतं बघितलं तरी ताणलं जातं.

मोठ्या माणसाचे पाय उघडे पडू नयेत तर 24 टी-शर्ट लागतात, चार-चारच्या सहा ओळी. तुकडा 15 इंची चौकोनी. चारी बाजूंनी अर्धा-अर्धा इंच दाब गेला की 14 उरतो आणि गोधडी भरते 56 बाय 84. पाठीवरही छपाई असेल तर एकाच टी-शर्टात दोन तुकडे. पण कात्री काढण्याआधी मालकाला गावाला पाठवा. वर्षानुवर्षं पोटावरून खाली न उतरलेला टी-शर्ट कात्री दिसताच 'लकी' ठरतो.

आता खरं प्रकरण: पेस्टिंग. म्हणजे एका बाजूला गोंद असलेलं, इस्त्रीने चिकटणारं कापड. कॉलरच्या आत घालतात तसलं, पण पातळ आणि मऊ. जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर शिवणसामानाच्या दुकानात विचारा. 36 इंच पन्ह्याचं साडेपाच मीटर पुरतं. पैसे वाचवायला ते गाळलंत की 15 इंचांचा तुकडा मशीनखालून सोळाचा होऊन निघतो, पुढचा पंधराचाच राहतो, आणि एक ओळ रावेरला पोचते तेव्हा दुसरी भुसावळलाच उभी असते.

टी-शर्ट धुऊन घ्या, कंफर्ट-बिंफर्ट न घालता, नाहीतर गोंद धरत नाही. आधी 17 इंचांचा ढोबळ तुकडा कापा आणि उलट्या बाजूवर पेस्टिंगची खरखरीत बाजू ठेवा. टी-शर्ट आडवा जास्त ताणला जातो, म्हणून पेस्टिंगची न ताणणारी दिशा आडवी यायला हवी. इस्त्री फिरवायची नाही, दहा-बारा सेकंद दाबायची, उचलायची, शेजारी ठेवायची. गार झाल्यावर मोजून 15 इंच कापा. चिकटवण्याआधीच नेमकं कापणारे हुशार लोक नंतर पट्टी घेऊन रडतात.

सुलट बाजूने इस्त्री करायचीच असेल तर मध्ये सुती फडकं हवंच. रबरी छपाई वितळते. फडकं न घेता इस्त्री टेकवली की उमेदवाराचा हसरा चेहरा इस्त्रीच्या तळाला येतो आणि पुढच्या प्रत्येक पांढऱ्या शर्टावर प्रचार करतो. चकचकीत पॉलिस्टरच्या टी-शर्टांना तर इस्त्री मंदच हवी. जरा तापली की कापड आकसतं, तेवढ्यात भारनियमन झालं तर वाचलात.

शिवताना बॉलपॉइंट सुई लावा, 14 नंबरची. टोकदार सुई होजिअरीचा धागा तोडते आणि तिथलं भोक धुण्यागणिक मोठं होतं. टाका थोडा लांब, आणि कापड मागून ओढू नका, मशीनला खाऊ द्या.

खाली काय? बाजारात फायबरची जाड शीट मिळते. ती खान्देशात घालणाऱ्याला माझा दंडवत. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो. डिसेंबर-जानेवारीत केळीची पानं पिवळी पडतात एवढी थंडी येते, पण तिला आत सुती धोतराचे दोन पदर बास. अस्तराला एक सहावारी सुती साडी घ्या. 92 इंचांचे दोन तुकडे मध्ये जोडले की चारी बाजूंनी चार-चार इंच जास्तच राहतं. उरलेल्या पट्ट्यांतून अडीच इंची गोट निघतो.

धावदोरा चार-चार इंचांवर, पण छपाईवरून नाही. रबरात पडलेलं सुईचं भोक बुजत नाही आणि अंगुस्तान असूनही बोट सुटत नाही. छपाईच्या कडेकडेने जावं लागतं. एखादी आजी येऊन गोधडी उलटीपालटी करते, विचारते, "हाई काय शे?" आणि तुमचे टाके मोजायला बसते. मोजू द्या. बाकीच्या ओळी तिच्याकडूनच घालून घ्या, तिचा धावदोरा मशीनपेक्षा सरळ येतो.

धुताना उलटी करून, गार पाण्यात. वाळवायची सावलीत. आपल्या उन्हात छपाईला महिन्याभरात भेगा पडतात. उरलेल्या 48 बाह्या फरशी पुसायला.