"ताई आहे ना सोबत" एवढ्यावर मुलांना राईडवर पाठवू नका

मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन गोष्टी नक्की येतात, एक म्हणजे आंब्याच्या पेटीचा भाव आणि दुसरा तो मेसेज. तुम्हालाही आला असेल, वर "पालकांनो, मुलांना मोकळं सोडा" असं मोठ्ठं लिहिलेलं आणि खाली थीम पार्कमध्ये लहान भावंडांना राईडवर एकटं का पाठवावं त्याची कारणं. उंची बसली म्हणजे पार्कनेच परवानगी दिली, फॉरेनला मुलं एकटीच फिरतात, बेल्ट आणि ऑपरेटर असताना आईबापाचं बाजूला काय काम, मोठं भावंड सोबत असतंच, आणि शेवटी ते नेहमीचं, आपण नाही का लहानपणी जत्रेत एकटे पाळण्यात बसलो. यावेळी माझ्या चुलत दादाने टाकला, त्याची मुलगी ९ ची, मुलगा ५ चा, आणि येत्या शनिवारी ते खरंच निघालेत. म्हणून म्हटलं नुसता अंगठा देऊन सोडायला नको, एकेक मुद्दा घेऊ.

"उंचीच्या पट्टीला डोकं लागलं म्हणजे पार्क स्वतःच सांगतंय की मूल एकटं बसू शकतं."

असं काही सांगत नाही हो पार्क. ती पट्टी म्हणजे शिंप्याकडची टेप आहे. या मापाचं शरीर सीटमध्ये नीट बसेल का, बार मांडीवर टेकेल का, खांद्यावरचं हार्नेस खांद्यावरच राहील की गळ्याशी येईल, मूल बारखालून सटकेल का, एवढंच ती बघते. आता आकडे घ्या. लहान मुलांना चालणाऱ्या बऱ्याच रोलर कोस्टरला ४० इंचांच्या आसपासची अट असते, ४० इंच म्हणजे १०२ सेंटिमीटर. जागतिक आरोग्य संघटनेचा वाढीचा तक्ता, तोच जो डॉक्टरांकडे फाईलला लावलेला असतो, त्यात ४ वर्षांच्या मुलाची सरासरी उंची १०३ च्या जवळपास आहे आणि मुलीची त्याहून किंचित कमी. म्हणजे त्या तक्त्याप्रमाणे ४ वर्षांची निम्म्याहून जास्त मुलं या पट्टीला पास! ४ फुटांची पट्टी धरली तरी १२२ सेंटिमीटर, तिथे ७ वर्षांचं मूल पोचतं, घराणं उंच असेल तर त्याच्याही आधी. आता घरातल्या ४ वर्षांच्या लेकराला सांगून बघा की हात आत ठेव, उठून उभा राहू नकोस, गाडी थांबली तरी काका सांगेपर्यंत बेल्ट उघडू नकोस. तीनच गोष्टी. पाच मिनिटांनी विचारा काय सांगितलं होतं, आणि मग ठरवा.

शिवाय बऱ्याच बोर्डांवर उंचीच्या खाली अजून एक ओळ असते, अमुक उंचीपर्यंत मोठ्या माणसासोबतच. ती ओळ कोणी वाचत नाही, कारण तिथे मुलाला उभं करून फोटो काढायची घाई असते. जाड सोलचे बूट घालून, केसांचा अंबाडा वर बांधून मुलीला पट्टीपर्यंत पोचवणारे पालक मी स्वतः बघितलेत, आणि वर ऑपरेटर पोराशी हुज्जत, की अर्ध्या इंचाने काय होतं. अर्ध्या इंचाने काय होतं ते बार बनवणाऱ्याला विचारा.

"फॉरेनमध्ये मुलं एकटीच फिरतात, आपणच घाबरट."

हा मुद्दा वाचून मला हसू आलं, कारण फॉरेनमधलं सगळ्यात मोठं नाव डिस्नी, आणि अमेरिकेतल्या त्यांच्या पार्कांचा लेखी नियम आहे की ७ वर्षांखालच्या मुलाला राईडवर चढायला सोबत १४ किंवा त्याहून मोठं कोणीतरी पाहिजे. चौदा! आणि १४ च्या खालचं मूल तर १४ वर्षांच्या किंवा मोठ्या माणसाशिवाय पार्कच्या गेटातूनच आत येऊ शकत नाही. म्हणजे आमच्या दादाची पोरं फ्लोरिडाच्या डिस्नीत असती तर ९ वर्षांच्या ताईसोबत ५ वर्षांच्या भावाला एकाही राईडवर चढता आलं नसतं. पुढे.

"बेल्ट असतो, ऑपरेटर चेक करतो, आई बाजूला बसून काय करणार?"

यात थोडं खरं आहे आणि ते मी मान्य करते. राईडच मोडली तर आई बाजूला असून उपयोग नाही. २०१९ च्या जुलैमध्ये अहमदाबादच्या कांकरियाला झोपाळ्यासारखी मोठी राईड तुटून खाली आली, दोन जण गेले, कितीतरी जखमी झाले, तिथे कोण कोणाच्या शेजारी बसलं होतं याने काय फरक पडणार होता. इतकंच काय, जिथे दोघांना मिळून एकच बार असतो तिथे जाडजूड बाबा बाजूला बसले की बार त्यांच्या मांडीवर अडकतो आणि पोराच्या मांडीवर चांगला वीतभर गॅप राहतो, तिथे दोन सारख्या अंगाची भावंडं शेजारी बसली तर उलट बरं. हे मेसेज लिहिणाऱ्याला सुचलं असतं तर त्याचा मुद्दा जरा तरी दमदार झाला असता.

पण "ऑपरेटर चेक करतो" यावर सगळं टाकून मोकळं होऊ नका. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत कोलोरॅडोच्या एका पार्कमध्ये ११० फूट खाली सोडणाऱ्या राईडवर ६ वर्षांची मुलगी बेल्टच्या वरच बसली. बेल्ट तिच्या खाली, त्याचं मोकळं टोक मांडीवर. ऑपरेटरनी बेल्ट लागलाय असं समजून घेतलं, मशीनने इशारा दिला तर तो नेमका कशाचा हे न कळता रीसेट केलं आणि राईड सोडली. मुलगी खाली पडून गेली. चौकशीत निघालं की ऑपरेटरना नीट ट्रेनिंगच नव्हतं. आणि घरची माणसं तिच्यासोबत त्याच राईडवर होती! म्हणजे मोठं माणूस नुसतं शेजारी बसून भागत नाही, त्याने हात लावून बेल्ट ओढून बघावा लागतो, आणि मोठ्या माणसाच्या नजरेतून जे सुटलं ते ९ वर्षांच्या मुलीच्या नजरेतून सुटणार नाही असं आपण कुठल्या तोंडाने म्हणायचं.

अजून एक. २००० साली कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमध्ये ४ वर्षांचा मुलगा एका अगदी साध्या, लहानांच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या गाडीतून बाहेर पडला आणि मागच्या गाडीखाली आला. त्याला गाडीच्या उघड्या बाजूला बसवलं होतं आणि बार पूर्ण खाली आलेला नव्हता. लहान मूल आतल्या बाजूला, मोठं माणूस दाराकडे, हा नियम आपल्याला रिक्षात बसताना आपोआप सुचतो, पण लहान पोरं काय करतात तर धाकट्याने हट्ट केला की ताई त्याला कडेची सीट देऊन टाकते, कारण खिडकीची सीट धाकट्याची हे आपणच तिला गाडीत शिकवलेलं असतं.

आणि राईड साधी आहे म्हणून सोडायची तर हेही ऐका, १९९० ते २०१० या काळात अमेरिकेत राईडवर लागून इमर्जन्सीत आलेल्या १८ च्या खालच्या मुलांचा एक अभ्यास झाला होता, अंदाजे ९३ हजार मुलं. त्यात मॉलमध्ये नाणं टाकून हलणारे घोडे नि गाड्या पण होत्या, आणि त्यांच्यावर लागलेल्यांपैकी बहुतेकांना पडूनच लागलं होतं. घोड्यावरून. मॉलमध्ये.

"मोठं भावंड सोबत असतंच की, त्याने जबाबदारी पण येते."

इथे मला खरं बोलायचंय, बाकीचे मुद्दे तसे माहितीचे आहेत, हा मुद्दा मात्र मला चिडवतो. कोणाला जबाबदारी येते? राईडचे तीन मिनिट सोडा, रांगेचा विचार करा. शनिवारी दुपारी पाऊण तास, एक तास लाईन, दोन्हीकडे रेलिंग, मध्येच बाहेर पडलं की नंबर गेला. त्यात धाकट्याला शू लागते. मग तहान. मग मागचा कोणीतरी काका पुढे घुसतो आणि ताईला त्याच्याशी बोलता येत नाही. मग अगदी गाडीजवळ पोचल्यावर धाकटा रडायला लागतो की नाही बसायचं, आणि आता ९ वर्षांच्या मुलीने ठरवायचं की याला ओढून बसवू, की दोघं परत जाऊ, की याला इथेच उभं करून मी बसू. मोठ्या माणसाला घाम फुटेल असा प्रश्न आहे हा आणि आपण बाहेर सावलीत स्वीट कॉर्न खातोय.

त्यात दोघं एकत्र बसतील याचीही खात्री नाही. प्लॅटफॉर्मवर ऑपरेटरला सीटा भरायच्या असतात, "तू इधर, तू पीछे" असं करून तो भावंडांना सहज वेगळं करतो, काही राईडना वजनाचा हिशेब असतो. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या वॉटर पार्कमधली ती स्लाईड आठवतेय का, जगातली सगळ्यात उंच म्हणून २०१४ ला सुरू केलेली, ५१ मीटर. तीन जणांचा राफ्ट, आणि तिघांचं मिळून वजन ठरावीक मर्यादेत बसायला हवं. ऑगस्ट २०१६ मध्ये १० वर्षांचा मुलगा आणि त्याचा १२ वर्षांचा भाऊ तिथे गेले, मोठा आधी खाली आला, धाकट्याला दोन अनोळखी बायकांच्या राफ्टमध्ये पुढे बसवलं. राफ्ट वाटेत हवेत उडाला, वरच्या लोखंडी कमानीला धडकला, मुलगा जागीच गेला. आईवडील वर असते तर वाचला असता असं मी अजिबात म्हणत नाही, ती स्लाईडच चुकीची बांधलेली होती, पुढे ती पाडून टाकली. मी एवढंच म्हणतेय की त्या वेळी खाली धाकट्याची वाट बघत १२ वर्षांचा पोरगा उभा होता. इतकं वाईट सहसा होत नाही हे मलाही कळतं. पण राईड मध्येच थांबणं, लाईट जाणं, अंधारात गाडी अडकणं, धाकट्याने घाबरून बारखालून पाय काढायला बघणं, हे होतं, आणि तेव्हा तिथलं मोठं माणूस म्हणजे तुमची चौथीतली मुलगी.

"आपण नाही का लहानपणी जत्रेत एकटे बसलो, काय झालं?"

सांगते काय झालं. मी घरातली थोरली, १० ची असेन, भाऊ ६ चा, आजोळच्या जत्रेत आकाशपाळणा लागलेला, डिझेल इंजिनवरचा, कडेला कोलंबस आणि टोराटोरा. आईने दोघांना एका पेटीत बसवलं, पुढे एक आडवा दांडा आणि त्याला खीळ. "भावाला धर गं" म्हणाली आणि मावशीशी बोलत बसली. पाळणा खालची माणसं भरायला थांबला तेव्हा आम्ही नेमके टोकावर, आणि भावाला खाली बाबा दिसले. हा "बाबाऽऽ" करून सरळ उभा. पेटी अशी पुढे झुकली की दांड्यापलीकडे मला फक्त भेळवाल्याची गाडी दिसत होती. मी एका हाताने त्याच्या चड्डीचं इलॅस्टिक धरलं आणि दुसऱ्या हाताने ती खीळ दाबून धरली, का ते माहीत नाही, ती उघडेल असं वाटलं. पाळणा नंतर सहा-सात फेऱ्या फिरला असेल, मी काही सोडलं नाही. खाली आलो तर भाऊ म्हणतो अजून एकदा. आणि मला ओरडा बसला, कारण वरून त्याची एक चप्पल पडली होती आणि ती मी सांभाळायला हवी होती.

तर दादा, काही झालं नाही हे खरंय, फक्त चप्पल गेली. पण मी अजूनही जत्रेत पाळण्यात बसत नाही.

आता शनिवारचं. घरी बसा असं कोण म्हणतंय, जरूर जा. तू आणि वहिनी आळीपाळीने बसा, डिस्नीत तर यासाठी सोयच आहे, एक जण धाकट्याला घेऊन थांबतो आणि पहिला उतरला की दुसरा परत रांग न लावता जातो. आपल्याकडेही गेटवरच्या पोराला नीट विचारलं तर कधीकधी जमवून देतात. दोघांनाच पाठवायचं असेल तर अशा राईडवर पाठवा जी बाहेरून पूर्ण दिसते, मेरी-गो-राउंड, छोटी ट्रेन, आणि तिथेही लहानाला आतल्या बाजूला बसवून बेल्ट तुम्ही स्वतः ओढून बघा, मग मागे या. उभं राहायचं ते एंट्रीला नाही, एक्झिटला, कारण एक्झिट बऱ्याचदा भलत्याच बाजूला, एखाद्या दुकानातून निघते आणि पोरं तिथे खेळण्यांत घुसली की शोधत बसाल. ताईला एकटीने मोठ्या राईडवर जायचं असेल आणि उंची बसत असेल तर खुशाल जाऊ दे, तिला कोणाची चड्डी धरायला लावू नकोस. आणि दोघांना पट्ट्याचे सँडल घाला, चपला नकोत.