फिस्टुलाच्या हाताला बीपीचा पट्टा लावा म्हणणाऱ्यांना

काल रात्री आत्याचा फोन आला. "अगं, आजपासून मी डाव्या हातावरच बीपी बघणार. तिथं रक्त जोरात वाहतं ना, खरा आकडा तिथंच कळतो म्हणे." डावा हात म्हणजे तिचा फिस्टुलाचा हात. डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा दोन जाड सुया जातात तो. बघितलंस का, विचारलं तर म्हणाली, "एकदाच." म्हटलं, पट्टा काढ, फिस्टुलावर बोटं ठेव आणि थरथर लागतेय का सांग. लागत होती, म्हणजे फिस्टुलात रक्त वाहत होतं. जीव भांड्यात पडला, आणि मग राग आला.

तो राग 'डायलिसिस रुग्णांनो, हे तुम्हाला कुणी सांगणार नाही' या फॉरवर्डवर आहे. दोन दिवसांत तीन गटांतून माझ्याकडेही आलाय. पाच मुद्दे आहेत: बीपी फिस्टुलाच्या हातावर घ्या, डायलिसिस मशीनचा अलार्म वाजला तर स्वतःच बटण दाबून बंद करा, वय अधिक 100 इतकं बीपी नॉर्मल, डायलिसिसच्या दिवशी बीपीची गोळी घ्यायचीच नाही, आणि घरचं डिजिटल मशीन खोटं बोलतं. डायलिसिस युनिटमध्ये काम करते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी फिस्टुला. हातातली धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने एकमेकींना जोडतात. 1966 मध्ये ब्रेशिया, चिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत जगापुढे मांडली. धमनीच्या जोरामुळे शीर फुगते, तिची भिंत जाड होते, आणि काही आठवडे, कधी काही महिने थांबल्यावर ती सुया सोसण्याजोगी होते. आता बीपीचा पट्टा काय करतो? तो वरच्या बीपीच्याही वर फुगतो आणि हातातला रक्तप्रवाह काही क्षण पूर्ण थांबवतो. मोजायची पद्धतच ती. साध्या हाताचं त्यात काही बिघडत नाही. पण फिस्टुलात रक्त थांबलं की गुठळी धरायची भीती, आणि डायलिसिसनंतर बीपी खाली असताना तर जास्तच. गुठळी झाली, मोकळी करता आली नाही, तर मानेतून कॅथेटर, म्हणजे डायलिसिससाठी घातलेली नळी, त्याच्यासोबत जंतुसंसर्गाचा धोका, आणि नव्या फिस्टुलासाठी पुन्हा वाट बघणं. इतकं पणाला लावून मिळणारा आकडा तरी खरा का? नाही. त्या हातात धमनीतलं रक्त आडवाटेने थेट शिरेत जातं, त्यामुळे तिथल्या आकड्याचा भरवसा धरता येत नाही. पूर आलाय म्हणून नदीची खोली आज बरोबर मोजता येईल, असं म्हणण्यातली गत. बीपी दुसऱ्या हातावर घ्यायचं. तोही चालत नसेल तर पायावर घेता येतं, पण ते आधी युनिटमध्ये शिकून घ्या.

अलार्मचा मुद्दा त्याहून वाईट. फॉरवर्ड म्हणतो, मशीन उगाचच ओरडतं. नाइलाजाने कबूल करते: बऱ्याचदा उगाचच ओरडतं. हात हलला, नळी दुमडली, रुग्ण खोकला, की वाजलं. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने एप्रिल 2013 मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या अलार्मबद्दल इशारा काढला होता. त्यातल्या अंदाजानुसार 85 ते 99 टक्के अलार्मना काहीच उपचार करावा लागत नाही. फॉरवर्ड लिहिणारा इथेच खूश होईल. पण त्याच कागदात पुढे आहे: जानेवारी 2009 ते जून 2012 या काळात अलार्मशी निगडित 98 घटना त्यांच्याकडे नोंदल्या गेल्या, त्यातल्या 80 मध्ये रुग्ण दगावला. लोक उगाच वाजणाऱ्या आवाजाला सरावतात आणि खरा आवाज त्यातच बुडतो.

डायलिसिसमध्ये हे कसं घडतं ते सांगते. रक्त परत देणारी सुई निसटली, तर पंप रक्त ओढत राहतो आणि ते शरीरात न जाता गादीत जिरतं. पंप मिनिटाला 300 मिली फिरत असेल तर साडेतीन मिनिटांत लिटरभर. सुई निसटली की परतीच्या नळीतला दाब उतरतो आणि त्यावरून अलार्म वाजतो, पंप थांबतो. अशा वेळी हाताकडे न बघता रिसेट दाबलं, तर पंप पुन्हा सुरू होतो, आणि बऱ्याच मशीनवर अलार्मच्या मर्यादा त्या उतरलेल्या दाबाभोवती नव्याने बसतात. म्हणजे मशीनला आता सगळं ठीक वाटतं! शिवाय त्या दाबाचा बराचसा भाग सुईच्या अरुंदपणाचाच असल्याने सुई निघूनही दाब फारसा उतरत नाही आणि कधीकधी अलार्म वाजतच नाही. म्हणून थंडी वाजली तरी तो हात पांघरुणाखाली घेऊ देत नाही आम्ही. एकदा एका आजोबांचा अलार्म वाजला, मी पांघरूण उचललं तर घामाने टेपचं टोक सुटलेलं आणि चादरीवर तळहाताएवढा लाल डाग. सुई अर्धी बाहेर होती. "दोनदा वाजलं होतं गं, मीच बंद केलं," आजोबा म्हणाले.

बाकीचं भराभर. वय अधिक 100 हा हिशोब कधीच मोडीत निघालाय. 1991 मध्ये 'शेप' या चाचणीचे निष्कर्ष आले: साठीपुढच्या ज्या लोकांचं फक्त वरचं बीपी 160 किंवा जास्त होतं, त्यांना औषध दिल्यावर पक्षाघात 36 टक्क्यांनी घटले. डायलिसिसच्या रुग्णाचं बीपी किती असावं ते त्याचे डॉक्टर ठरवतात, बेरीज नाही.

गोळीबद्दल अर्धं खरं आहे. डायलिसिसमध्ये अंगातलं जादा पाणी काढताना ज्यांचं बीपी कोसळतं, त्यांना सकाळची गोळी नंतर घ्यायला सांगतातही. पण काहींचं बीपी डायलिसिस चालू असताना वर चढतं. दोघांना एकच सल्ला कसा चालेल?

आणि डिजिटल मशीन. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा फुगतो, हात खाली लोंबत ठेवला तरी फुगतो. ठोके अनियमित असतील तर मशीन गोंधळतं, हे मान्य. मग पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेका, दंड छातीच्या पातळीला ठेवा, बोलू नका, मिनिटभराने पुन्हा घ्या. मशीन युनिटमध्ये नेऊन एकदा तिथल्या आकड्याशी ताडून बघा.

आत्याने फॉरवर्ड डिलीट केला. तिला तो पाठवला होता शेजारच्या बेडवरच्या काकांनी. परवा दोघांचंही डायलिसिस आहे, आणि काकांचा फिस्टुलाही डाव्याच हातात आहे. आत्याला सांगून ठेवलंय, गेल्या गेल्या त्यांना थरथर लागतेय का ते आधी विचार.