खुलासा : आईच्या पायाच्या नसा फुगल्या म्हणून मुलीच्याही फुगतीलच असं नाही

वेचणी सुरू झाल्यापासून गावागावांतल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे : 'आईला व्हेरिकोज व्हेन्स (पायाच्या फुगलेल्या नसा) असतील तर मुलीला होणारच, दोष रक्तातच आहे, घोट्याजवळ चीर देऊन काळं रक्त काढा.'

आनुवंशिकता खरी आहे, 'होणारच' मात्र खोटं. फ्रान्समधल्या 1994 च्या अभ्यासात आईवडील दोघांनाही त्रास असलेल्यांत धोका सुमारे 90 टक्के आढळला; एकालाच असेल तर मुलींत 62, मुलांत 25; कुणालाच नसेल तरी 20. अभ्यास लहान होता, पण कल स्पष्ट आहे. वय, गरोदरपण, वजन आणि तासन्‌तास उभं राहणं यांनीही धोका वाढतो.

दोष रक्तात नसतो. शिरेतल्या झडपा नीट मिटत नाहीत, रक्त खाली उतरून साचतं आणि पोटरीवर नस टरारते. शिरेतलं रक्त निरोग्याचंही गडदच असतं, कारण त्यात ऑक्सिजन कमी असतो. चीर दिली तर भळाभळा रक्त जातं, जखम चिघळते, महिनोन्‌महिने भरत नाही.

नस फुटलीच तर आडवं व्हा, पाय छातीच्या वर उचला, स्वच्छ फडकं 10 ते 15 मिनिटं दाबून धरा. मधेच उचलून बघू नका, वर दोरी आवळू नका. थांबलं नाही तर 108 ला फोन करा. पाय घट्ट धरून ठेवणारे दाबाचे मोजे डॉक्टरांना विचारूनच घ्या आणि सकाळी सूज चढायच्या आत घाला. एकच पोटरी अचानक सुजून दुखली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, चोळू नका.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथे हा खुलासा टाका.