आइस मेकर थांबला म्हणजे गॅस संपला?

फ्रिजचा आइस मेकर, म्हणजे पाण्याच्या लाइनला जोडलेलं, आपोआप बर्फ पाडणारं यंत्र, बंद पडला की काय करायचं, हे सांगणारा एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. मलाही तो तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं : बर्फ बंद म्हणजे गॅस संपत आला. तोवर फ्रीझर सगळ्यात थंड आकड्यावर ठेवा. बर्फ पडेपर्यंत रिसेटचं बटण दाबत राहा. फिल्टर काढून टाका, तो नुसता पैसे उकळायचा धंदा आहे. साच्यात अडकलेला बर्फ सुरीने सोडवा. गरम पाणी लवकर गोठतं, म्हणून आइस मेकरला गरम पाण्याची लाइन जोडा. आणि कशानेच जमलं नाही तर फ्रिज चोवीस तास बंद ठेवा, हमखास चालू होतो.

यातली शेवटची गोष्ट मी स्वतः तीनदा केलीय, आणि तिन्ही वेळा ती 'चालली'. तिच्याकडे येतोच.

आधी गॅस. फ्रिजमधला गॅस वापरून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो : कॉम्प्रेसर, मागची किंवा खालची कॉइल, आतली कॉइल, पुन्हा कॉम्प्रेसर. कुठे नळीला भोक पडलं किंवा जोड सुटला तरच तो कमी होतो. आणि तो कमी झाला तर एकट्या आइस मेकरवर कसा रुसेल? अख्खा फ्रीझर ढिला पडतो, खालचा कप्पाही कोमट होतो, कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. फ्रीझरमधल्या बाकीच्या वस्तू दगडासारख्या कडक असतील आणि फक्त बर्फ येत नसेल, तर गॅसचा विषय तिथेच मिटला. अशा वेळी कोणी 'गॅस भरावा लागेल' म्हणालं, तर गळती नेमकी कुठे आहे ते दाखवा म्हणावं.

फ्रीझर सगळ्यात थंड आकड्यावर ठेवण्यात थोडं तथ्य आहे. पाणी भरलं की आइस मेकर घड्याळ बघत बसत नाही. साचा स्वतः साधारण उणे 9 अंशांपर्यंत उतरला की त्यातला थर्मोस्टॅट म्हणतो, झालं, आता पाडा. मग छोटा हीटर साचा जरासा गरम करतो, बर्फ सुटतो आणि फिरणारी पाती त्याला बाहेर ढकलतात. काही फ्रिजमध्ये हीटरऐवजी प्लॅस्टिकचा साचाच पिळला जातो, पण तापमानाचा हिशेब तिथेही आहेच. त्यामुळे फ्रीझर उणे 10 च्या आसपास रेंगाळत असेल तर बर्फ उशिरा येणार किंवा येणारच नाही. पण हे आधी मोजायला हवं. एक थर्मामीटर रात्रभर गोठलेल्या पाकिटांच्या मध्ये ठेवा. सकाळी उणे 18 दिसलं तर थंडी पुरेशी आहे, आकडा वाढवून काही मिळणार नाही. त्याहून बरंच वर असेल तर दाराचं रबर, कॉइलवरची धूळ, हवेच्या झरोक्यांसमोर कोंबलेल्या पिशव्या, आतल्या कॉइलवर साचलेला बर्फाचा थर हे बघा. बटण फिरवून यातलं काहीच दुरुस्त होत नाही.

रिसेटचं बटण दाबत राहणं मात्र निव्वळ घातक. बऱ्याच मॉडेलमध्ये ते खरं तर चाचणीचं बटण असतं. ते दाबलं की पाती एक फेरी मारतात आणि शेवटी साच्यात पुन्हा पाणी सुटतं. साच्यात आधीचं पाणी असताना आणखी पाणी आलं की ते ओसंडून खालच्या डब्यात पडतं. तिथे त्याची लादी होते आणि बर्फ पुढे ढकलणारा मळसूत्री दांडा त्यात अडकतो. आता दोन दुरुस्त्या! बटण एकदाच, माहितीपुस्तिकेत सांगितलंय तितके सेकंद दाबायचं आणि थांबायचं. एका फेरीलाच दीड ते तीन तास लागतात. नव्याने बसवलेल्या फ्रिजला पहिला बर्फ द्यायला चोवीस तास लागू शकतात.

बटणाकडे जाण्याआधी डब्यावरची तारेची दांडी बघा. ती वर असेल तर आइस मेकर बंद, खाली असेल तर चालू. डबा भरला की बर्फच तिला उचलून धरतो, तशीच रचना आहे. पण एखादी पिशवी तिच्याखाली सरकली तरी मशीनला डबा भरल्यासारखाच वाटतो. दांडीऐवजी प्रकाशावर चालणारा सेन्सर असेल तर त्याच्यावरचं दव पुसा.

आता चोवीस तासांच्या उपायाकडे येऊ, कारण या मेसेजला पाय फुटलेत ते त्याच्यामुळेच. आइस मेकरला पाणी सोडतो तो विजेवर चालणारा व्हॉल्व्ह. वीज त्याला उघडते, पण घट्ट मिटण्यासाठी तो पाण्याच्याच दाबावर विसंबून असतो. साधारण 20 पीएसआयपेक्षा (हे दाब मोजायचं एकक) कमी दाब असेल तर तो पुरता मिटत नाही. थेंब थेंब गळत राहतो. हे थेंब साच्यावरच्या नळीत गोठतात, थरावर थर चढतो आणि एक दिवस नळी बर्फाच्या बुचाने बंद होते. बर्फ येणं थांबतं. तुम्ही फ्रिज बंद करता, बूच वितळतं, फ्रिज चालू केला की बर्फ येतो. तुम्ही खूश होऊन मेसेज पुढे पाठवता. दाब मात्र होता तेवढाच आहे. आठ-पंधरा दिवसांत बूच पुन्हा तयार. आणि फ्रीझर सगळ्यात थंड आकड्यावर असेल तर बहुधा त्याच्याही आधी!

बूच काढायला अख्खा फ्रिज रिकामा करायची गरज नसते. फ्रिजचा प्लग काढा, पाण्याचा कॉक बंद करा, खाली टॉवेल ठेवा आणि सिरिंजने नळीत कोमट पाणी सोडा. मग दाब कुठे कमी होतोय ते शोधा. आरओच्या पुढे आइस मेकर जोडला असेल तर पहिला संशय तिथेच घ्यावा.

फिल्टरचंही याच्याशीच नातं आहे. तुंबलेला फिल्टर पाणी अडवतो, हे खरं. साधारण सहा महिन्यांनी तो बदलायला सांगतात ते त्यासाठीही. पण तो काढून तसाच सोडला तर काही फ्रिजमध्ये पाणी पुढे जातच नाही, तिथे फिल्टरच्या जागी बायपासचं बूच, म्हणजे पाणी न गाळता सरळ पुढे सोडणारं झाकण, बसवावं लागतं. ते बूच तपासणीसाठी झकास. ते लावल्यावर दारातल्या नळाची धार जोरात आली तर दोष फिल्टरचा. धार तशीच बारीक राहिली तर दोष मागच्या लाइनमध्ये. आणि धार उत्तम असूनही बर्फ नसेल, तर आइस मेकरचा व्हॉल्व्ह, नळी किंवा ती दांडी. नवा फिल्टर बसवल्यावर नळातून काही लिटर पाणी वाहू द्या, अडकलेली हवा निघून जाते.

सुरीबद्दल फार लिहीत नाही. साच्याच्या लेपावर ओरखडा उठला की बर्फ तिथे कायमचा चिकटायला लागतो. सुरीचं टोक कॉइलमध्ये गेलं तर मात्र मेसेजवाल्याचं भाकीत खरं ठरेल, गॅस खरोखरच संपेल. आजच्या बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये असतो तो आर-600ए, म्हणजे आयसोब्युटेन. तो पेट घेतो.

गरम पाण्याची गोष्ट मजेशीर आहे. टांझानियातल्या एरास्टो म्पेम्बा या शाळकरी मुलाला 1963 मध्ये आइस्क्रीम करताना दिसलं की गरम मिश्रण आधी गोठलं. 1969 मध्ये त्याने डेनिस ऑस्बोर्न या प्राध्यापकांबरोबर त्यावर लेख लिहिला आणि परिणामाला त्याचं नाव मिळालं. पण 2016 मध्ये बरिज आणि लिंडेन या शास्त्रज्ञांनी काळजीपूर्वक मोजमाप केलं, तेव्हा त्यांना असा काही ठोस परिणाम सापडला नाही. हा वाद शास्त्रज्ञांनी खुशाल चालू ठेवावा. आइस मेकरची लाइन आणि व्हॉल्व्ह गार पाण्यासाठीच बनवलेले असतात, त्यामुळे आपल्यापुरता प्रश्न तिथेच संपतो.

राहता राहिलं माझं. बर्फ पूर्ण बंद होण्याआधी दोन आठवडे तुकडे पातळ, पोकळ पडत होते. साच्यात पाणी कमी येतंय, हे बर्फ मला रोज सांगत होता आणि मी गॅसची चौकशी करत होतो. चौथ्यांदा फ्रिज बंद करायच्या आधी तो पुढे ओढून मागे टॉर्च मारला. साफसफाईनंतर फ्रिज परत लोटताना पाण्याची नळी भिंतीशी चेपून दुमडली होती. नळी सरळ केली, फ्रिज चार बोटं पुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा भरलेला होता आणि दांडी वर.